सखूबाईचं वावधान

त्या वर्षी तुफान या शब्दाची लोकांनी पार चिंधी केली होती. साडीच्या दुकानात तुफान सेल, टीव्हीवर तुफान, मोबाईलवर दर चार तासांनी तुफान, आणि आभाळात ढगाचा पत्ता नाही. लोकांनी कान बंद केले तर त्यांचं काय चुकलं?

प्रीती आदिलाबाद जिल्ह्यातल्या सीमेवरच्या मंडल कचेरीत, म्हणजे आपल्या तहसील कचेरीसारख्या, कारकून. भोंग्याच्या ऑटोवरून ओरडायचा मराठी मजकूर तीच लिहायची. त्या दुपारी आदिलाबादहून निरोप आला, तीन तासांत जोराचा वारा आणि विजा. बाया तर सगळ्या वावरात कापूस वेचत होत्या. त्यात तिची आई सखूबाईही. लेक नोकरीला लागली तरी बाई घरी बसायला तयार नव्हती.

प्रीतीनं घाईनं फोन लावला. "आई, घरी ये. तुफान येऊन राह्यलं."

"तुहं तुफान त रोजच येते, माय," सखूबाई हसली. "वावधान येईन तवा सांग."

प्रीतीनं कागदावरचं तुफान खोडलं आणि ठसठशीत लिहिलं, वावधान.

तहसीलदार तेलुगू. म्हणाले, "ये कौन सा लफ्ज है? तूफान लिखो, सब समझते हैं."

"समझते हैं सर, सुनते नहीं."

मग तिनं सांगितलं. तुफान अरबी-फारसीतून आलेलं. वावधान इथल्या मातीतलं. वाव म्हणजे वारा, वावटळीतला तोच. आणि धान? ते पंडित जाणोत. आई म्हणते, उभं धान निजवतो तो वारा.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि सही केली.

"बायांनो, वावधान येऊन राह्यलं! वावरं सोडा!" ऑटो ओरडत फिरला. बाया कापसाच्या ओट्या सावरत भराभर गावात शिरल्या. तासाभरानं वीज पडून शिवारातला पळस उभा चिरला. वावरात माणूस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आदिलाबादहून विचारणा झाली. हा शब्द बाकीच्या मंडलांनाही द्यायचा आहे, तो कुठून घेतला ते लिहून पाठवा.

"डिक्शनरी लिख दो," साहेब म्हणाले.

"नहीं सर." प्रीतीनं पेन उचललं. तिनं सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: सखूबाई मोतीराम, शेतमजूर.

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि खाली कचेरीचा शिक्का मारला.