वनमालाबाईंच्या डब्यात चॉकलेटची वडी

वनमालाबाईंचं पत्र आलं तेव्हा चंद्रप्रकाश वानखडे यांनी ते दारातच उभ्या उभ्या वाचलं होतं आणि उद्या सावकाश उत्तर लिहू म्हणून टेबलावरच्या शब्दकोशाखाली ठेवून दिलं होतं. तो उद्या काही उजाडला नाही. पावसाळा गेला, हिवाळा गेला, पुन्हा एक पावसाळा गेला, आणि पत्र आपलं शब्दकोशाखालीच.

पत्र होतं एवढंसं. बाई मुलाकडे नाशिकला राहायला गेल्यावर त्यांनी तिथून धाडलेलं. चारचौघांत त्या मुंबईचं मराठी बोलायच्या, पण जीव गुंतला की मालवणी बाहेर पडायची. पत्रातही तसंच झालं होतं. ‘डब्याची घाई नाय. तुमी वेळार जेवतास मां? दोन ओळी लिवा.’

दोन ओळी! घाटकोपरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ज्यांची सगळी नोकरी गेली, त्यांना दोन ओळी जड जाव्यात? पण गेल्या. पहिला मसुदा शोकसभेतल्या भाषणासारखा वाटला म्हणून फाडला. दुसरा रजेच्या अर्जासारखा झाला. तिसऱ्यात ‘ऋणानुबंध’ हा शब्द आला आणि तो वाचून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आपण आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं लावत आलो, आपल्याला स्वतःचं वाक्य कुठलं सुचायला, असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

शिवाय नुसतं पत्र पाठवून भागणारही नव्हतं. मध्ये डबा होता.

स्टीलचा डबा, झाकणावर ‘सौ. वनमाला परब’ असं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. विशाखा, म्हणजे चंद्रप्रकाशांची बायको, वारली तेव्हापासून शेजारच्या वनमालाबाई रोज त्यांना डबा देत. कधी पेज, कधी घावणे, कधी नुसती भाकरी आणि सुकट. मग मुलाने एकाएकी त्यांना नाशिकला नेलं आणि शेवटचा डबा इकडेच राहिला. आता शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे काय कुणी शिकवावं लागतं? काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. विशाखा असती तर तिने दुसऱ्याच दिवशी काहीबाही करून घातलं असतं. चंद्रप्रकाशांना चहा आणि खिचडी सोडून काही येत नव्हतं. दुकानातली मिठाई भरून देता आली असती, पण ती त्यांना द्यायची नव्हती. त्याला कारण होतं.

त्यांचं लहानपण अकोल्याकडच्या एका गावात गेलं. त्यांच्या वस्तीतल्या घरांत शिजलेलं अन्न गावात कुणी घेत नसे. सणाला आईने केलेल्या करंज्या वस्तीतल्या वस्तीतच फिरायच्या. पुढे नोकरी लागली, लग्न झालं आणि कांजूरमार्गच्या या कॉलनीत खोली मिळाली. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या वनमालाबाई डब्यात नारळाची कापं, म्हणजे खोबऱ्याच्या वड्या, घेऊन आल्या. विशाखाने डबा धुतला, त्यात बेसनाची वडी घातली आणि तो परत द्यायला नवऱ्याला धाडलं. डबा पुढे करताना चंद्रप्रकाशांची मान खाली होती. घेतील आणि मोलकरणीला देतील, एवढाच त्यांचा अंदाज. बाईंनी झाकण उघडलं, तिथेच दारात उभं राहून एक वडी तोंडात टाकली आणि आत ओरडल्या, ‘‘अहो, या, बघा काय मऊ झालीय! मला नाही जमत अशी!’’ बाईंच्या लेखी त्यात विशेष काहीच नव्हतं. चंद्रप्रकाश मात्र घरी येऊन बराच वेळ पुस्तक उघडून बसले होते, पान न उलटता.

त्याबद्दल आभार कसे मानायचे? ‘तुम्ही आमच्या घरचं खाल्लंत’ असं लिहिलं तर ज्या सहजपणे त्यांनी खाल्लं, त्यालाच धक्का लागायचा. नाही लिहिलं तर मनातलं मनातच राहायचं.

पत्र असंच राहिलं असतं, पण नोव्हेंबरच्या शेवटी दीप्ती बातमी घेऊन आली. दीप्ती ही वनमालाबाईंच्या खोलीत आता भाड्याने राहणारी मुलगी. भांडुपच्या एका लॅबमध्ये कामाला, आणि तोंडाने फटकळ.

‘‘काका, काकूंचा फोन होता. काचबिंदू आहे म्हणे. एक डोळा गेलाच. दुसऱ्याचं पण खरं नाही. पेपरातले नुसते मथळे दिसतात, ते पण भिंग लावून.’’

‘‘अरेरे. मग वाचन?’’

‘‘वाचन कसलं! रोज रडतात त्यावरून. तुमच्याबद्दल विचारत होत्या, वानखडे जेवतात ना म्हणून. तुम्ही त्यांना पत्र का नाही लिहीत हो? सून वाचून दाखवेल.’’

सून वाचून दाखवेल! चंद्रप्रकाशांच्या डोळ्यांपुढे ते घर उभं राहिलं. टीव्ही चालू, नातवंडं सोफ्यावर, आणि सून मोठ्याने वाचतेय. जे त्यांना स्वतःशी म्हणायला धीर होत नव्हता ते चार माणसांत खणखणीत आवाजात. नाही, ते बाईंनीच वाचायला हवं होतं, आपल्या डोळ्यांनी. आणि दुसरा डोळा कधी जाईल याचा नेम नव्हता.

‘‘दीप्ती,’’ ते चाचरत म्हणाले, ‘‘चॉकलेटची वडी करता येते का गं घरी?’’

‘‘फज? येते की. का, वाढदिवस आहे?’’

‘‘वनमालाबाईंना आवडतं चॉकलेट.’’

‘‘काकूंना? मला तर कधी बोलल्या नाहीत.’’

त्या कुणालाच बोलल्या नव्हत्या. चंद्रप्रकाश त्यांना ग्रंथालयातून पुस्तकं आणून देत, आणि परत आलेल्या पुस्तकांत खुणेसाठी चॉकलेटचा सोनेरी कागद असे, नखाने घासून गुळगुळीत केलेला. साऱ्या कॉलनीचे लाडू वळणारी बाई दुपारी एकटीच दार लावून चॉकलेट खाते, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते स्वतःजवळच ठेवलं होतं.

दीप्तीने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. खाली चॉकलेटचा थर, मध्ये शेंगदाणे आणि काजू घातलेला कॅरमलचा, वर पुन्हा चॉकलेट. ‘‘एकदम सोप्पं. रविवारी करा, मी येते चव घ्यायला.’’

रविवारी सकाळी चंद्रप्रकाशांनी ओटा पुसून घेतला. चॉकलेटची लादी सुरीने बारीक चिरली, जाड बुडाच्या पातेल्यात कंडेन्स्ड मिल्क आणि लोण्याबरोबर अगदी मंद आचेवर ठेवली. ढवळता ढवळता ते सगळं एकजीव झालं, चकाकायला लागलं, कडा सोडायला लागलं. निम्मं त्यांनी बटरपेपर लावलेल्या थाळ्यात ओतलं, उलथन्याने सारखं केलं आणि थाळा फ्रिजमध्ये ठेवला. आपल्या हातून एवढं नीट झालं, याचंच त्यांना नवल वाटलं.

घोळ पुढे झाला. व्हिडिओतली बाई कॅरमलबद्दल भरभर काहीतरी बोलून गेली. साखर वितळवून तांबूस करायची, एवढं कळलं. उतरवायचं कधी, ते कळलं नाही. पण पाक त्यांनी विशाखाला संक्रांतीला करताना पाहिला होता. वाटीभर पाण्यात थेंब टाकायचा, तो वाटीवर वाजला की झालं. थेंब टण्ण वाजला. त्यांनी शेंगदाणे-काजू घातले, उलट्या ताटाला तूप लावून त्यावर तो गोळा ओतला आणि लाटण्याने लाटायला लागले. तेवढ्यात दीप्ती आत आली.

‘‘काका, हे काय चाललंय?’’

‘‘कॅरमल.’’

‘‘लाटण्याने?’’

‘‘पातळ नको का? थर आहे ना.’’

दीप्तीने कोपरा मोडला. कटकन आवाज झाला. ‘‘वाट लागली! काका, ही चिक्की झाली. आता लोणावळ्याला दुकान टाका.’’

‘‘थेंब वाजला म्हणून उतरवला.’’

‘‘वाजायला नको होता! कॅरमल वाजत नाही, ताणलं जातं. आणि काकूंना नवी कवळी बसवलीय. पहिल्याच घासाला कवळी वडीत रुतून बसेल.’’

चंद्रप्रकाशांना आधी हसू आलं, मग चेहरा उतरला. त्यांनी लाटणं खाली ठेवलं. ‘‘राहू दे. मला वाटलंच होतं, हे आपलं काम नाही. पुढच्या रविवारी बघू.’’

‘‘पुढच्या रविवारी तुम्ही म्हणाल, चॉकलेट हलकं निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाल, डब्याला पोचा आहे. ओळखते ना मी तुम्हाला! काकूंचा डोळा थांबणार आहे का तुमच्या रविवारासाठी?’’

बोलून झाल्यावर ती जरा ओशाळली. चंद्रप्रकाशांनी मात्र मोडलेला कोपरा उचलून हातात धरला. मुलीने बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

‘‘काही करता येईल का याचं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘साय आहे घरात?’’

‘‘आहे. विरजण अजून लावलं नाही.’’

‘‘मग द्या इकडे.’’

बत्त्याने चिक्की फोडली. तुकडे पातेल्यात गेले, वर लोण्याचा गोळा आणि वाटीभर साय. पहिल्यांदा सगळं रुसून बसलं. साय एकीकडे, खडे एकीकडे. दीप्तीने चमच्याला हात घातला तसे चंद्रप्रकाश म्हणाले, ‘‘नको. मी ढवळतो.’’

‘‘अहो, हात भरून येईल तुमचा.’’

‘‘येऊ दे. माझ्या हातचं जायला हवं हे.’’ थोडं थांबून, पातेल्याकडे बघतच ते म्हणाले, ‘‘गावी आमच्या घरचं शिजलेलं कुणी घेत नसे, दीप्ती. इथे आल्यावर पहिल्यांदा त्यांनी घेतलं. दारात उभं राहून खाल्लं.’’

दीप्तीने चमचा त्यांच्या हातात दिला. ‘‘मग ढवळा. पण खालून ढवळा, बुडाला लागतंय.’’

हळूहळू खडे विरघळले. रंग जुन्या गुळासारखा झाला आणि चमचा उचलला की जाड तार पडायला लागली. दीप्तीने थाळा काढून समोर धरला, चंद्रप्रकाशांनी ते थरावर ओतलं. जरा निवल्यावर उरलेलं चॉकलेट पुन्हा कोमट करून वर पसरलं, त्यावर मिठाचे चार कण टाकले. वाऱ्याबरोबर डम्पिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याचा वास यायला लागला तशी दीप्तीने उठून खिडकी लावली, आणि घरात नुसता भाजल्या साखरेचा वास उरला.

थाळा जमेपर्यंत चंद्रप्रकाश पत्राला बसले. बाईंना मथळे दिसतात. म्हणजे अक्षर मथळ्याएवढं हवं. त्यांनी दीप्तीचा जाड स्केचपेन मागून घेतला आणि एक ओळ लिहून पाहिली. चार-पाच शब्दांतच कागदाची रुंदी संपली. इतक्या दिवसांत जमवलेली सगळी वाक्यं, ते ऋणानुबंध, ती कृतज्ञता, कशालाच त्या कागदावर जागा नव्हती. त्यांना एकदम हलकं वाटलं. जे मावेल तेवढंच लिहायचं होतं.

‘वनमालाबाई, मी वेळेवर जेवतो.
ही वडी माझ्या हातची.
तुम्ही पहिली वडी दारातच खाल्लीत.
तेव्हापासून हे घर माझं वाटलं.
चंद्रप्रकाश’

लिहून झाल्यावर त्यांनी नवा कागद घेतला नाही.

संध्याकाळी गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीने वड्या कापल्या. कापल्यावर तिन्ही थर दिसले, मधला थोडा एका बाजूला सरकलेला, काजू कुठे वर कुठे खाली. दीप्तीने कडेचे दोन तुकडे तोंडात टाकले. तिसरा उचलत म्हणाली, ‘‘झकास! नाशिकला थंडी पडलीय, वितळायची नाही. आणि कवळीला पण काही होणार नाही, मी गॅरंटी देते.’’

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधीच चंद्रप्रकाश पायरीवर उभे होते. डबा खोक्यात, डब्यावर पत्र, खोकं चिकटपट्टीत, वर पत्ता दोनदा लिहिलेला. खिडकीतल्या बाईंनी खोकं काट्यावर ठेवलं.

‘‘आत काय आहे?’’

एरवी ते अशा वेळी पुटपुटत. ‘‘खाऊ,’’ ते म्हणाले, आणि मग जरा मोठ्याने, ‘‘घरी केलेला. मीच केलाय.’’

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, हसल्या, आणि खोक्यावर लेबल चिकटवलं. तेवढ्यात चंद्रप्रकाशांचा हात खिडकीकडे गेला. ‘दारातच’ लिहिलं ते बरं दिसेल का? त्यापेक्षा नुसतं...

‘‘काही राहिलं का, आजोबा?’’

‘‘नाही,’’ त्यांनी हात मागे घेतला. ‘‘जाऊ द्या.’’

बाईंनी खोकं उचलून मागच्या पिशवीत टाकलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.