बिनचिठ्ठीच्या बरण्या

"आजोबा, तेल जमलंय की नाही हे कळायला तुम्ही ते आधी स्वतः पिऊन बघता का?"

विचारून टाकलं एकदाचं. हे विचारायची टॅन्सीची छातीच होणार नाही, अशी तिच्या दोघी मैत्रिणींनी शाळेच्या बसमध्ये पैज लावली होती.

ऑर्व्हिल आजोबा शेडच्या दारात थांबले. "पीत बसलो असतो तर या घरावर छप्पर चढलं नसतं. नाकानं कळतं, पोरी. ये आत. पण हात खिशात."

ही बाबांची अट. गांजाला हात लावायचा तो एकवीस पूर्ण झाल्यावर, इथला कायदाही तेच म्हणतो. टॅन्सीला अजून पाच वर्षं होती.

आत फळीवर गांजाच्या वाळवलेल्या कळ्यांच्या अकरा बरण्या. एकीवरही चिठ्ठी नाही.

"नावं का नाही लिहीत?"

"डोंगरावर पोलिसांची हेलिकॉप्टरं घिरट्या घालायची तेव्हा कुणी काही लिहायचं नाही. लिहिलेलं सापडतं. आता सगळं कायदेशीर झालं, सवय राहिली." त्यांनी एक बरणी उघडून हुंगली. "ही मिरीच्या वासाची, दुखऱ्या सांध्यांना. आणि ही ओल्या मातीची, झोपेला. मातीचे दोन भाग, मिरीचा एक, की झालं तुझ्या आजीचं तेल. लिंबाच्या वासाची मात्र त्यात चुकून पडता कामा नये. माणूस टक्क जागं राहतं."

टॅन्सीनं मान पुढे केली. 'ओल्या माती'तून भसकन लिंबाचा वास आला.

आधी तिला हसूच फुटलं. मग मेव्ह आजी आठवली. गेले तीन आठवडे पहाटेपासून स्वयंपाकघरात बसून सुजल्या बोटांनी पत्ते पिसणारी. "यंदाच्या तेलात दमच नाही गं," म्हणणारी.

टॅन्सीच्या खिशात डब्यातलं संत्रं होतं. तिनं सालीत नख रुतवलं.

"डोळे मिटा. हा वास कसला?"

आजोबांनी छाती भरून श्वास घेतला. "माती," ते ठामपणे म्हणाले.

डोळे उघडले तेव्हा नाकासमोर संत्रं. त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं.

"हिवाळ्यातल्या तापापासून वासच येत नाही," ते म्हणाले. "वाटलं, येईल परत. अंदाजानं चालवत होतो. तुझ्या आजीला कळलं तर म्हणेल, म्हाताऱ्या, बंद कर आता."

"उघडा पहिली," टॅन्सी म्हणाली.

अकराच्या अकरा तिनं हुंगल्या. एकीला पेट्रोल पंपाचा वास, एकीला ओल्या कुत्र्याचा. सातवीला नाक मुरडत ती म्हणाली, "इथे मांजर मुतलंय."

"तीच माझी लाडकी," आजोबा म्हणाले.

मिरी सापडली चौथ्या बरणीत, माती नवव्या. दुपारभर मंद आचेवर नवं तेल मुरलं.

रविवारी सकाळी साडेनऊला तिनं आजोबांना फोन केला. ते कुजबुजले, "हळू बोल. आजी झोपलीये अजून."

आई-बाबा नाश्त्याला बसले होते. टॅन्सी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"मी शनिवारचं व्हॉलीबॉल सोडतेय. दर शनिवारी आजोबांच्या शेडमध्ये जाणार. हात खिशातच राहतील. वास मी सांगणार, चिठ्ठ्या ते लिहिणार. आणि नाकाचं आजीला आजच खरं सांगायचं, ही माझी अट त्यांनी मान्य केलीये."

"अट? तुझी?" बाबा म्हणाले.

"हो, माझी," टॅन्सी म्हणाली.