पत्र्याचा बुटका ट्रक

एल आल्तो शहरातल्या रविवारच्या गाड्यांच्या बाजारात सातुर्निना किस्बर्टला ट्रक पसंत पडला तो लालभडक, उंच, पुढे चकाकत्या दांड्यांचा. वायरिंगची कामं घेणाऱ्या बाईला एवढा तोरा कशाला, असं कुणी विचारलं असतं तर तिने तिथल्या तिथे सुनावलं असतं. इतकी वर्षं शिडी न् पाइप घेऊन तिने मिनीबसवाल्यांची बोलणी खाल्ली होती. पण खरं कारण वेगळंच होतं. तिला तिच्या म्हाताऱ्याला त्यात मिरवायचं होतं.

म्हातारा म्हणजे तिचे उस्ताद, मायेस्त्रो इलारियोन. वायर सोलण्यापासून मीटर बसवण्यापर्यंत सगळं त्यांनीच तिला शिकवलं. पोयेराचा घेरदार घागरा घातलेली, दोन वेण्यांची बाई शिडीवर चढते हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं, तेव्हा हा माणूस म्हणाला होता, "तू चढ, मी शिडी धरतो." तेव्हापासून शिडी त्यांनीच धरली. आणि आता महिनाभर त्यांचं एकच पालुपद चाललं होतं, "तुझा ट्रक आला की मी या कामातून सुटलो." ते ऐकलं की सातुर्निना विषय बदलायची. दुसऱ्या कुणी धरलेल्या शिडीवर ती डोळे मिटून चढू शकली नसती.

"बसून तर बघा, मायेस्त्रो," ती म्हणाली.

त्यांनी दाराची मूठ धरली, पाय उचलला, आणि पाय अर्ध्यावरच थांबला. मग ते खाली वाकून टायर बघू लागले.

"टायर चांगलेत," ते म्हणाले. "घेऊन टाक. मला कुठे रोज बसायचंय?"

तिने सगळं पाहिलं होतं. ती ट्रकांच्या रांगेच्या टोकाला गेली. तिथे एक करडा, बुटका ट्रक उभा होता, आणि त्याच्यापाशी येताच तिला जानेवारीतली आलासितासची जत्रा आठवली. जे हवं त्याची चिमुकली प्रतिकृती भर दुपारी बारा वाजता धुरी देऊन घ्यायची, म्हणजे वर्षभरात खरी वस्तू दारात येते. दुसऱ्याने हातात दिली तर जास्त लवकर. मायेस्त्रोंनी तिला पत्र्याचा ट्रक दिला होता, अगदी असाच. तिने तोंड वाकडं करून म्हटलं होतं, "हा तर पाववाल्याचा दिसतो."

"हाच घेते," तिने विकणाऱ्याला सांगितलं.

मायेस्त्रो लंगडत मागून आले. भडकलेच. "माझ्या गुडघ्यावर दया करून ट्रक घेतेस होय? एवढा म्हातारा नाही झालो मी."

"जानेवारीत तुम्हीच दिला की असला. तेव्हा गुडघ्याचं का नाही सांगितलंत?"

"गुडघ्याचा काय संबंध?" ते गडबडले. "तो तुझ्यासाठी होता, पोरी. आपण आधी ज्या ठेकेदाराकडे कामाला होतो, त्याचा ट्रक उंच होता. तू पोयेरा सावरत चढायचीस आणि ती टोळकी खाली उभी राहून दात काढायची. मला तेव्हा काही बोलता आलं नाही. म्हटलं, हिचा स्वतःचा येईल तो तरी हिला मान वर करून चढता येईल असा असावा."

सातुर्निनाला वाटायचं, ते हसणं आपल्या एकटीलाच आठवतं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवलेही नाहीत. या माणसाचं आपण काय देणं लागतो हे तिला ठाऊक होतं, पण ते एवढं असेल असं वाटलं नव्हतं.

व्यवहार झाला. नव्या गाडीच्या रिवाजाप्रमाणे तिने चारही चाकांवर बिअर ओतली, बॉनेटवर पाकळ्या टाकल्या, उरलेला घोट मायेस्त्रोंना दिला.

"आता सुटलात तुम्ही," ती कशीबशी म्हणाली.

त्यांनी घोट संपवला, दार उघडलं आणि ते एका पावलात आत जाऊन बसले. गुडघा दोनदा चोळला, पुढची काच बाहीने पुसली.

"सोमवारी कुठल्या गल्लीत काम आहे?" त्यांनी विचारलं. "शिडी टपावर नीट बांध. मागच्या वेळी मिनीबसवर सैल होती."