घरटी एक बिल्ला

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. रुपयापेक्षा थोडा मोठा, वर दोऱ्यासाठी भोक आणि मधोमध ठोकलेला आकडा, सत्तेचाळीस. आता मी दिग्गी गावातल्या एका घराच्या कोनाड्यात असतो. माझ्या अंगावर एक हिरवट डाग आहे. तो चिंचेनं घासला तरी जात नाही. मित्रांनो, मला त्या डागाचीच गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी माझी थोडी फुशारकीही ऐकून घ्यावी लागेल, त्याला इलाज नाही.

बेळगावच्या एका कारागिरानं मला पत्र्यातून कापलं, कानशीनं घासलं आणि माझ्या छातीवर आकडा ठोकला. त्या घावाची कळ अजून आठवते. मग भावंडांबरोबर गोणपाटाच्या पिशवीत खुळखुळत मी बैलगाडीनं सुप्याला आलो. तिथं काळी नदीच्या काठाला लाकडांचा मोठा डेपो होता. रानात तोडलेले ओंडके बैल ओढून आणायचे. इथं त्यांची साल सोलायची आणि मग ते गाड्यांवर चढवायचे. साल राहिली तर लाकडाला कीड लागते, म्हणून न सोललेला ओंडका गाडीवर घालायचा नाही, असा दंडक होता. ठेकेदार कुठं तरी लांब राहायचा. डेपोवर राज्य परशू मुकादमाचं.

मी येसाजीच्या गळ्यात पडलो. दिग्गीचा हा माणूस बोलायला कमी आणि कामाला वाघ. मला तो रोज धोतराच्या सोग्यानं पुसायचा. आणि माझा रुबाब काय सांगू! डेपोत ज्याच्या गळ्यात बिल्ला तोच कामगार. झोपडी त्यालाच, औषध त्यालाच, ओंडका अंगावर आला तर विचारपूसही त्याचीच. पहाटे मुकादम हाक मारायचा, "सत्तेचाळीस!" येसाजी म्हणायचा, "हाय!" तेव्हा मला वाटायचं, हा माणूस माझ्यामुळंच आहे. किती मूर्ख होतो मी!

कारण येसाजीबरोबर त्याची बायको रुक्माही रोज यायची. साल सोलायचं काम बायकांचं. दोन्ही हातांनी कोयता धरून ती अशी सोलायची की सालीची लांबच्या लांब पट्टी अखंड निघायची. दुपारपर्यंत तिचे हात चिकानं काळे व्हायचे. नऊ वर्षं तिनं हे काम केलं. तिची शेजारीण गिरजाही करायची, आणखी तीसेक बायकाही. पण डेपोचा नियम होता, घरटी एक बिल्ला. तो पुरुषाच्या गळ्यात. बायकांची नावं हजेरीत नव्हती. शहरातल्या गिरण्यांसाठी सरकारनं काही कायदे केले आहेत, असं गाडीवान सांगत. पण रानातल्या डेपोला गिरणी कोण म्हणणार? रुक्माला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "मी न्हवं, आमचे ह्ये कामाला हायत." मलाही ते खरं वाटायचं.

एका वर्षी पाऊस ओसरला आणि हिवतापानं डेपोला धरलं. कंपौंडर आला. रोज पहाटे, हजेरी झाली की, रांग लावून तो कोयनेलचं पाणी पाजायचा. कडू म्हणजे किती कडू! पिणाऱ्याचे डोळे मिटायचे. "बिल्ला दाखव, तोंड उघड," एवढंच तो बोलायचा. बाटल्या बिल्ल्यांच्या हिशेबानं आलेल्या होत्या, आणि कुणी औषध विकू नये म्हणून ते त्याच्यासमोर प्यायचं.

रुक्मा तापानं पडली. येसाजीनं तिला पाठीवर घालून रांगेत आणलं. कंपौंडरनं विचारलं, "हिचा बिल्ला?"

"माझाच की तिचाबी," येसाजी म्हणाला.

"एका बिल्ल्याला एक मात्रा. नियम मी केलेला नाही बाबा."

दुसऱ्या दिवशी येसाजी एकटाच आला. मला पुढं धरलं, तोंड उघडलं, औषध घेतलं आणि ओठ मिटून सरळ झोपडीची वाट धरली. मी त्याच्या छातीवर आपटत होतो. मला काही कळेना. वाटेत माणसं बोलली, त्यानं नुसती मान हलवली. व्हाळाचं पाणी ओलांडलं, झोपडीत शिरला आणि वाटी तोंडाशी धरून ते औषध त्यात सोडलं. एक थेंब गिळला नव्हता.

रुक्मानं वाटीकडं बघितलं. "आणि तुमी?"

"मला दोन येळा देतात," येसाजी म्हणाला. त्याच्या आयुष्यातली ती बहुधा पहिलीच थाप.

तीन दिवस तो असं औषध आणत होता. रुक्माला थोडा उतार पडला, ती पेजही प्यायली. चौथ्या दिवशी मात्र परशू मुकादम वाटेत आडवा आला. "कामाच्या वक्ताला कुठं चाललास रं?"

येसाजीनं ओठ आणखी घट्ट मिटले.

"तुला इचारतोय! तोंडात मूग धरलेस काय?"

येसाजीनं हात जोडले. डोळ्यांनी विनवलं. मुकादमाला वाटलं, हा आपल्याला मोजत नाही. त्यानं येसाजीची हनुवटी पकडून गदागदा हलवली. तोंड उघडलं, आणि ते सगळं कडू पाणी माझ्यावर सांडलं. येसाजी खाली बसला आणि मला दोन्ही हातांनी निपटू लागला. बोटाला लागलेले थेंब तरी वाटीत नेता येतील म्हणून तो धडपडत होता. मित्रांनो, तोच हा डाग.

"रुक्माचं हुतं वो ते," एवढंच तो म्हणाला, आणि मोठा बाप्या असून रडला.

साल सोलणाऱ्या बायकांनी हे पाहिलं. गिरजानं कोयता खाली ठेवला. मग दुसरीनं, मग तिसरीनं. मुकादम ओरडला, "ए बायांनो, काय झालं? उचला कोयतं!"

गिरजा उभी राहिली. ती म्हणाली, "मुकादमानू, आमी कामाला हाय का न्हाई, येवढं सांगा. हाय, तर आमची नावं लिवा आन् आमालाबी औषध द्या. न्हाई, तर नऊ वर्सं ही सालं कुणी सोलली ते सांगा."

मुकादमानं तोंड फिरवलं. मला माझ्याच चकाकीची लाज वाटली.

तीन दिवस एकही साल निघाली नाही. पहिल्या दिवशी काही नवरे आपल्या बायकांवर खेकसले. दुसऱ्या दिवशी तेही त्यांच्याशेजारी येऊन बसले. रिकाम्या गाड्या उभ्या, बैल रवंथ करताहेत. पहिल्याच संध्याकाळी कंपौंडर बाटली घेऊन आपल्या पायांनी रुक्माच्या झोपडीत आला होता. बिल्ला न मागता त्यानं तिला औषध पाजलं, येसाजीलाही पाजलं. पण तोवर ताप उलटून तिच्या डोक्यात गेला होता.

तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा निरोप आला. जो राबतो त्याचं नाव लिहा, त्याला बिल्ला द्या. गिरजा धावत झोपडीत आली. "रुक्मे, नाव लिवलं गं तुजं!"

रुक्मानं डोळे उघडले. "आकडा कितवा?"

"एकशे बारा."

"ह्यांच्यापास्नं लई लांबचा दिला," ती म्हणाली आणि हसली. त्यानंतर दोन दिवसांनी ती गेली.

नवे बिल्ले आठ दिवसांनी आले. मुकादम हजेरीची वही घेऊन उभा राहिला. एकेक बाई पुढं यायची, "हाय" म्हणायची. काहींना आपलं नाव असं मोठ्यानं ऐकायची सवय नव्हती, त्या पदराआड लाजायच्या. मग हाक आली, "एकशे बारा, रुक्मा."

बायकांनी येसाजीकडं बघितलं. मुकादमालाही आठवलं. त्यानं मान खाली घातली आणि नाव खोडायला टाक उचलला.

"खोडू नका," येसाजी पुढं झाला. "हाय."

"येसाजी, अरे, आता कुठं हाय ती?"

"नऊ वर्सं हितंच हुती, तवा तुमी इचारलं न्हाई. आज बी इचारू नका. नाव ऱ्हाऊ द्या."

मुकादमानं टाक खाली ठेवला आणि बिल्ला येसाजीच्या हातावर दिला.

तो बिल्ला आता कोनाड्यात माझ्याशेजारी असतो. एकाच दोऱ्यात आहोत आम्ही. माझ्या अंगावर ओरखडे आहेत, डाग आहे. त्याच्यावर काहीच नाही, तो कुणाच्या गळ्यात गेलाच नाही. पूर्वी मला शेजारी कुणी नको असायचं. आता तो दोऱ्यावरून जरा सरकला तरी मला चुकल्यासारखं होतं.

मित्रांनो, मला घासून लख्ख करू नका, डाग राहू द्या. पण तुमच्या शेतात, तुमच्या घरात जे कुणी राबत असेल, त्याला माणसांत मोजा, त्याचं नाव लिहा. आणि ते माणूस "हाय" म्हणायला उभं आहे, तोवरच लिहा.