काटेबाबाच्या गालातला खर्रा

एकोडीच्या तळ्याच्या पाळीवर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. काटेबाबा आले होते! बाबा दुखऱ्या जागी तोंड लावत, मंत्र पुटपुटत, चोखत आणि जुनं दुखणं काट्याच्या, नाहीतर हाडाच्या रूपानं पळसाच्या पानावर थुंकत. वर लालभडक 'दूषित रक्त'. आनंदाबाईच्या गुडघ्यातून बाभळीचा काटा निघाला तेव्हा म्हातारी चार पावलं लंगडायचीच विसरली.

कुंताबाई मात्र मागे दगडावर बसून बाबांचा डावा गाल बघत होती.

आठ वर्षांपूर्वी चिखलणीच्या ट्रॅक्टरचं लोखंडी चाक तिच्या पायावरून गेलं होतं. घोट्याचं हाड वाकडं जुळलं. तेव्हापासून धान रोवण्याच्या दिवसांत दुपारपर्यंत पाय टम्म सुजे आणि थंडीत पहिलं पाऊल टाकताना डोळ्यांत पाणी येई. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी मंगळवारची तारीख दिली होती. "लंगडणं पूर्ण जाणार नाही, पण दुखणं बरंच कमी होईल," असं ते म्हणाले. नवऱ्याला, हेमराजला, ते 'बरंच' पसंत नव्हतं. बाबा 'पूर्ण'ची हमी देत होते.

"चाकाचा लोखंडी तुकडा हाडात रुतला आहे," पाय न बघताच बाबांनी त्याला आदल्या दिवशी सांगितलं. "आम्ही काढू. पण सुरी लागली, तर पाय गेलाच समजा!"

"मंगळवारी जायचं नाही," हेमराजनं घरी येऊन जाहीर केलं.

"एक्सरेत लोखंड दिसत नाही न जी."

"ते दैवी लोखंड आहे. मशीनले कसं दिसन?"

दुसऱ्या सकाळी ती त्याच्याबरोबर पाळीवर आली, पण डोळे उघडे ठेवून.

बाबांच्या गालात खर्रा होता. त्यात नवल कसलं? सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून गालात धरला नाही, तर आपल्याकडे माणसाची तब्येत विचारतात. म्हणून त्या फुगलेल्या गालाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. कुंताबाईनं मात्र खर्रेवाल्याशी वीस वर्षं संसार केला होता. पाच मिनिटांत पिचकारी मारली नाही, तर हेमराजचा जीव कासावीस होई. आणि हे महाराज अर्धा तास प्रवचन झोडत होते, एकदाही थुंकले नव्हते! थुंकायचे ते फक्त पानावर.

तिचा नंबर आला. ती समोर बसली, पाय लुगड्याखाली घेऊन.

"महाराज सकाळपासून एकच खर्रा धरून बसले," ती नवऱ्याला मोठ्यानं म्हणाली. "ताजा तरी विचारा न जी!"

हेमराज ओशाळला. पाहुण्याला खर्रा विचारला नाही म्हणजे काय! त्यानं पन्नी पुढे केली. "घ्या जी महाराज. आताच घोटला."

"नको."

खर्रा नको म्हणणारा खर्रेवाला गावानं पहिल्यांदाच पाहिला. भक्तांना राहवेना. पाच-सहा पन्न्या पुढे आल्या. "माहा घ्या जी! तो जुना थुका न, कायले धरून बसले?"

"हा मंत्रानं भारलेला आहे," बाबा गुरगुरले.

आनंदाबाईनं भक्तिभावानं पदर पसरला. "मंग तोच परसाद द्या, महाराज!"

आता मात्र बाबांनी सगळं गिळायचा प्रयत्न केला. जोराचा ठसका लागला आणि पदरात पडला खर्ऱ्याचा लाल गोळा. त्यात दोन बाभळीचे काटे, कोंबडीच्या हाडाची एक काडी आणि एक गंजका खिळा.

कुंताबाईनं खिळा उचलला. "हा माह्या पायातला न, महाराज? मी त अजून पाय पुढं केलाच नाही. निघाला कसा?"

लोक खिळा बघायला वाकले. बाबा तेवढ्यात आपल्या मोटरसायकलवरून पसार झाले होते. आनंदाबाई गुडघा धरून मटकन खाली बसली. ते पाहून कुंताबाईला रडू आलं. रागाचं रडू. आठ वर्षं सोसलेल्या दुखण्यासाठी हा माणूस गालात खिळा घेऊन बसला होता!

"पण डॉक्टर त पूर्ण बरं होईन म्हणत नाही," हेमराज हळूच म्हणाला.

"नाही म्हणत. त्यानं एक्सरे समोर धरला, वाकडं हाड दाखवलं, जमते किती तेही सांगतलं. याले नुसतं तोंड उघडाले सांगतलं, त पळाला. आता तुम्हीच सांगा, पाय कोणाच्या हाती देऊ?"

हेमराजनं गालातला खर्रा थुंकला. "मंगळवारी सकाळची पहिली बस पकडू," तो म्हणाला.

वाचकहो, दुखणं खरंच असतं, म्हणून तर माणूस फसतो. त्याला हसू नका. पण बरं करतो म्हणणाऱ्याला आधी तोंड उघडायला सांगा.