तेलाला लागलेली शिस्त

साहेबांच्या मेहुण्याने तेल सुधारायचं मनावर घेतलं होतं. स्वतःला सुधारण्यापेक्षा ते सोपं वाटलं असावं. प्रयोगशाळेतलं, पदार्थातले रेणू ओळखणारं चुंबकीय अनुनादाचं यंत्र चौदा वर्षं ताई सांभाळत होत्या, आणि त्यांची सही असलेला अहवाल बाहेर कुणी पुन्हा तपासत नसे. मेहुणेराजांना हवी होती ती सहीच.

"चुंबकात ठेवलं की तेलातले प्रोटॉन रांगेत उभे राहतात," मेहुणा म्हणाला. "वर रेडिओलहरींचा दणका. तेलाला शिस्त लागते, ताई! वर्षभर खवट होत नाही."

"आणि बाहेर काढल्यावर?"

"टिकते ना शिस्त."

"दोन सेकंद. शाळा सुटल्यावर मुलांची टिकते तेवढी."

मेहुणा खदाखदा हसला. चेष्टा कुणाची चाललीय हे न कळणारा माणूस हसतो तितका मोकळा.

सकाळी दोन नमुने तपासले, एक साधा आणि एक सुधारलेला. सुधारलेल्या तेलाच्या आलेखात दोन ओळखीच्या शिखरांच्या मधोमध एक सडपातळ, नवं शिखर उभं होतं.

"भावोजी, नवा रेणू!" मेहुणा ओरडला. साहेबांनीही टाळी दिली. त्यांची डॉक्टरेट याच विषयातली होती. त्यामुळे अज्ञानाची सबबही त्यांच्याकडे नव्हती.

ताईंना ते शिखर चांगलं माहीत होतं. न बोलावता येणाऱ्या शेजाऱ्यासारखं ते दर महिन्याला एकदा तरी डोकावून जाई.

"हे ॲसिटोन आहे. नमुन्याची नळी कुणी धुतली?"

"मी! ॲसिटोनने, खळखळून."

"वाळवली?"

"चकचकीत दिसत होती की."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "ताई, दुपारी तेलकंपनीच्या खरेदीबाई येताहेत. हा आलेख पाहून त्या कारखान्यात यंत्रणा बसवणार. तुम्ही फक्त सही करा. नसेल जमत, तर हे यंत्र दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावं लागेल."

ताईंनी ॲसिटोनची बाटली जवळ ओढली.

खरेदीबाई आल्या, तेव्हा ताईंनी त्यांच्याकडे थोडा वेळ मागितला. त्यांच्यासमोर एक नळी ॲसिटोनने धुतली आणि न वाळवताच तिच्यात साध्या तेलाचा नमुना भरला. पडद्यावर तेच सडपातळ शिखर उभं राहिलं.

"बघा!" मेहुण्याचा आनंद गगनात मावेना. "साधं तेलसुद्धा सुधारलं! नुसतं शेजारी ठेवलं होतं!"

साहेबांनी डॉक्टरेटवाली मान डोलावली.

ताईंनी तशीच एक ओली नळी घेतली. या खेपेला तिच्यात तेल घातलंच नाही, तेल ज्यात विरघळवून तपासतात तो नुसता द्रावक घातला. तेलाची सगळी शिखरं गेली; नवं तेवढं ऐटीत उभं राहिलं.

"आता कोण सुधारलं?" खरेदीबाईंनी विचारलं.

ताईंनी कोऱ्या कागदावर लिहिलं, 'दोन्ही तेलांत फरक नाही. नवं शिखर ओल्या नळीचं.' खाली सही केली आणि कागद खरेदीबाईंच्या हातात दिला. बाईंनी तो वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि चहाला न थांबता निघून गेल्या.

"उद्या किल्ल्या जमा करा," साहेब म्हणाले.

"उद्या कशाला?" ताईंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

मेहुणा अजून पडद्याकडेच बघत होता. "भावोजी," तो विचारात पडून म्हणाला, "तेल राहू द्या. पाण्यावर करून बघू या का?"