व्याह्यांना धरायचं कुठे

पाण्याची एक बारीक धार... जगातल्या सगळ्या संस्कृती हिच्या आधाराने उभ्या राहिल्या आणि ही आटली तशा मातीला मिळाल्या; माणसाचा अवघा इतिहास म्हणजे शेवटी एका धारेची गोष्ट — हा विचार निवृत्त ग्रंथपालांना सुचला तेव्हा ते आपल्या होडीच्या मोटरीकडे बघत होते, आणि सुचण्याचं कारण एवढंच, की मोटरीच्या कुशीतून एरवी पडणारी करंगळीएवढी धार आता पडत नव्हती.

मोटर चालू असेतो ती पडत राहिली पाहिजे, तर आतलं यंत्र गार राहतंय असं समजावं — माहितीपुस्तक, पान नऊ, खालून तिसरी ओळ. तेहतीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट कुठे लिहिलीय ते सांगता येतं. करता येतेच असं नाही. मोटरीने एकसुरी शिट्टी सुरू केली तशी त्यांनी ती बंद केली. तळ्याच्या मधोमध एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत समोरच्या फळीवर व्याही गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, वर्षापूर्वी लग्नाच्या फोटोत बसले होते तसेच.

व्याह्यांचा सगळा जन्म इंजिनं दुरुस्त करण्यात गेला होता. तिथेच तर घोडं अडलं होतं. लग्नाच्या बोलण्यात मुलाकडची मंडळी घर सांगत होती, गाडी सांगत होती, तेव्हा आपल्याकडेही काहीतरी असावं म्हणून ग्रंथपाल बोलून गेले, "आमची एक होडी आहे" — आणि मग ती घ्यावी लागली. आज तिची तिसरीच फेरी. काठावर मुलगी, तिची आई आणि तिची सासू डबे घेऊन बसल्या होत्या. निघताना मुलीने बजावलं होतं, "बाबा, त्यांना कामाला लावू नका हं. पाहुणे आहेत ते."

मी कशाला लावतोय? मला फक्त एकदा, या माणसासमोर, हिचा बाप कशात तरी तरबेज आहे असं दिसायला हवं होतं. फार नाही, अर्धा तास. कारण ती मागे फोनवर सहज म्हणाली होती, सासरे रोज सकाळी तिच्या स्कूटरच्या चाकांतली हवा बघतात... 'अरे वा' म्हणून मी फोन ठेवला. सव्वीस वर्षांत मी कधी हवा बघितली होती? मी तिला विश्वकोश आणून दिला. त्यात हवेवर फार सुरेख नोंद आहे.

"जरा तापलीय," ग्रंथपाल म्हणाले आणि होडीतल्या डब्यात तळ्याचं पाणी भरून मोटरीवर धरलं.

व्याही खोकले. अत्यंत सभ्य खोकला.

"काही म्हणालात?"

"नाही, नाही. तुमचं चालू द्या. तापलेल्यावर एकदम गार पाणी पडलं की धातू तडकतो म्हणतात. म्हणतात आपलं."

डबा खाली आला.

"धार थांबलेली दिसली होती तुम्हाला?"

"मघाशीच. म्हटलं, तुमच्याकडे तशी पद्धत असेल."

वर्षभर हे असंच चाललं होतं — 'तुम्ही आधी', 'छे, तुम्ही' — दोन घरं दोन्हीकडून दार धरून उभी, आणि आत कोणीच जात नाही. सभ्यतेपायी एक मोटर जाळायची तेवढी राहिली होती.

ग्रंथपालांनी मोटर तिरकी करून तिचं बूड पाण्याबाहेर काढलं. ज्या जाळीतून ती पाणी ओढते तिला एक निळी प्लॅस्टिकची पिशवी गच्च गुंडाळली गेली होती. त्यांनी हात लांब केला. आड पोट आलं.

"मी बघू?" व्याह्यांच्या बाह्या आधीच वर गेल्या होत्या.

"छे छे, तुम्ही कसे—"

"मला धरा म्हणजे झालं."

आणि व्याही होडीबाहेर ओणवेही झाले. धरा — पण कुठे? कॉलर धरावी तर ते पोलिसांचं काम. कमरेला मिठी मारण्याइतकी सोयरीक अजून मुरली नव्हती. पाय धरावेत, तर मुलीच्या बापाने मुलाच्या बापाचे पाय धरायचे नाहीत एवढी एकच गोष्ट लग्नात त्यांनी ठामपणे पाळली होती... व्याही पुढे सरकले, होडी कलली, आणि ग्रंथपालांनी दोन्ही हातांनी मागून त्यांचा पट्टा धरला.

"स्कूटरची हवा..." ते त्या पाठीला म्हणाले. तोंडाला म्हणणं जमलं नसतं. "मला कधी सुचलंच नाही हो."

"मला तेवढंच येतं," पाण्याकडून आवाज आला. "ती मला पुस्तकं वाचायला लावते. तिसऱ्या पानावर डोळा लागतो माझा."

"मग?"

"उठवते."

ग्रंथपालांना हसू फुटलं. मलाही तसंच उठवायची, लहान असताना, गोष्ट सांगता सांगता मीच पेंगलो की... म्हणजे तिकडे ती उपाशी नाही, इकडचंही काही पुसलं गेलेलं नाही. आणि तळ्याच्या मधोमध, बंद मोटरीसकट, मी चक्क मजेत आहे. पिशवी सुटून आली. व्याही तसेच मागे सरकून फळीवर टेकले, म्हणाले, आता पंधरा मिनिटं गार होऊ द्यायची, मग बघू, सुरू होते का. न झाली तरी काय बिघडलं, ग्रंथपालांना वाटलं. माणसाने माणसाला असं एकदा घट्ट धरलं की काठ काय, केव्हातरी येतोच, संस्कृती म्हणतात ती बहुतेक...

"व्याही," व्याही म्हणाले, "पट्टा सोडता का जरा? श्वास घ्यायचाय."